साम्राज्यातील मतदार
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त जामसांवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत संत, साहित्य, शेती असे विषय झाले. आज मी मात्र निवडणुकांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही चेहऱ्यांवर चिंता दिसली. त्यांनी निश्चिंत असावे. आजच्या एकाही पक्षाचे नाव मी घेणार नाही. मला बोलावयाचे आहे ते साम्राज्य ढासळण्यापूर्वीच्या निवडणुकांविषयी. राजा परका, सैन्य परके, कायदे परके, आणि तरीही दर काही वर्षांनी लोकांना मत देण्यास बोलावणे येई, अशा त्या निवडणुका.

या विषयाची गोडी मला पुस्तकातून लागली नाही. आमच्या आजीने सांगितलेल्या एका गोष्टीतून लागली. १९३७च्या आरंभी आमचे आजोबा मत देण्यासाठी दमणी जुंपून निघाले. जामसांवलीपासून फार दूर नसलेल्या खेड्यातून निघालेल्या त्या दमणीत चौघे जण होते. आजोबा, त्यांचे धाकटे बंधू, आजी, आणि बैल हाकणारा आमचा सालदार. मतदानाच्या ठिकाणी पोचल्यावर आत गेले एकटे आजोबा. जमीन त्यांच्या नावावर होती. बंधू एकत्र कुटुंबातले, त्यांच्या नावावर काही नव्हते. आजीच्या नावावर कसले काही असण्याचा प्रश्नच नव्हता. सालदाराचा तर कागदाशी संबंध एकच, वर्षाच्या बोलीचा. आजोबा बाहेर आल्यावर सालदाराने विचारले, “मालक, आत काय असते?” आजोबा म्हणाले, “काही नाही रे, एक पेटी असते.” आजी ही गोष्ट हसत सांगे. मोठा झाल्यावर मला मात्र तिच्यात हसण्यासारखे फारसे दिसेना. एका दमणीत चार माणसे आणि मत एक, हे साम्राज्याचे गणित होते.

हे गणित केवळ इंग्रजांचे नव्हते. अनेक जाती, धर्म, भाषा यांच्यावर राज्य करणाऱ्या प्रत्येक साम्राज्याला केव्हा ना केव्हा निवडणुकीची कडू मात्रा घ्यावी लागली. आपल्या जिल्ह्याचा तर अशा एका दूरच्या साम्राज्याशी चमत्कारिक संबंध आला होता. पहिल्या महायुद्धात मौलाना महंमद अली व शौकत अली या बंधूंना सरकारने स्थानबद्ध केले आणि त्यातली बरीच वर्षे छिंदवाड्यास ठेवले. त्यांचा अपराध कोणता, तर तुर्कस्तानच्या खलिफाविषयी सहानुभूती. त्याच तुर्की साम्राज्यात १९०८ साली संविधान पुन्हा जारी झाले. पाठोपाठ निवडणुका झाल्या आणि अरब, आर्मेनियन, ग्रीक, ज्यू, अल्बेनियन असे सारे प्रतिनिधी एका सभागृहात येऊन बसले. पुढची निवडणूक १९१२ सालची. तीत सत्ताधाऱ्यांनी एवढी दंडेली केली की तुर्की इतिहासात ती ‘सोट्याची निवडणूक’ म्हणूनच ओळखली जाते. दहा वर्षांनी ते साम्राज्य राहिले नाही.

याहून बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रियाचे आहे. तेथे १९०७ पूर्वी मतदारांचे वर्ग पाडलेले होते. मोठे जमीनदार निराळे, व्यापारी मंडळे निराळी, शहरे निराळी, खेडी निराळी. १९०७ साली चोवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना समान मत मिळाले आणि ५१६ जागांचे सभागृह निवडले गेले. जर्मन, चेक, पोलिश, युक्रेनियन, स्लोव्हेन, इटालियन, सगळे तेथे होते. आपापल्या भाषेत बोलण्याची मुभा होती, दुभाष्याची सोय मात्र नव्हती. कामकाज रोखून धरावयाचे असले की सभासद आपल्या भाषेत तासन् तास बोलत राहत, आणि बाकीचे बाके वाजवीत. मोराव्हिया प्रांतात तर १९०५ साली एक तोडगा निघाला. चेक मतदारांची यादी वेगळी, जर्मन मतदारांची वेगळी. प्रत्येकाने आपल्याच यादीतला माणूस निवडावयाचा. भांडण मिटावे हा हेतू चांगलाच होता. परंतु ज्याच्या घरी दोन्ही भाषा बोलल्या जात, त्याला कोणत्या यादीत घालावयाचे, हा प्रश्न कचेरीपर्यंत जाऊ लागला. माणसाने आजवर स्वतःला न विचारलेला प्रश्न त्याला मतदारयादीने विचारला.

मोराव्हियाच्या या दोन याद्या ध्यानात ठेवा, कारण त्यानंतर चारच वर्षांत, १९०९च्या कायद्याने, हिंदुस्थानात मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आले. हेतूंची तुलना मी करीत नाही. एवढेच म्हणतो की साम्राज्याला मतदार दिसतो तो माणूस म्हणून नव्हे, कप्पा म्हणून. एकदा कप्पे पाडले की निवडणुका कितीही घ्या, त्यांतून बेरीज निघत नाही, तुकडेच निघतात. सरकारला तेच सोयीचे असते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९१९च्या सुधारणा कायद्यानंतर नागपुरास मध्यप्रांताचे नवे कायदेमंडळ आले आणि दिल्लीस मध्यवर्ती कायदेमंडळ. मताचा अधिकार सारा, खंड, प्राप्तिकर, घरभाडे अशा मापांनी ठरे. प्रांतिक कायदेमंडळापेक्षा दिल्लीचे माप वरचे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात त्या दिल्लीच्या सभागृहाचे मतदार सुमारे नऊ लाख होते, आणि त्याहून वरिष्ठ अशा राज्यसभेचे तर सतरा हजारांच्या आसपास.

आमच्या सौंसर तहसिलीची गंमत यापुढे आहे. दिल्लीच्या सभागृहासाठी आपल्या प्रांतातील सर्वसाधारण मतदारांचे विभाग पाडले ते असे: एक नागपूर विभाग, आणि दुसरा, त्याचे नावच ‘मध्यप्रांत हिंदी विभाग’. छिंदवाडा जिल्हा तेव्हा नर्मदा विभागात मोडत असल्याने सौंसर व पांढुर्णा ‘हिंदी’ मतदारसंघात गेले. घरी मराठी, बाजारात मराठी, कीर्तन मराठी, आणि मतदार मात्र हिंदी विभागाचा! सेठ गोविंददास, सर हरिसिंग गौर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी त्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्या योग्यतेविषयी माझी तक्रार नाही. पण नकाशावरची एक रेघ कोणी तरी सोयीसाठी ओढतो आणि पुढच्या चार पिढ्या ती रेघ म्हणजेच निसर्ग असे मानून चालतात, हे मी आपल्या नजरेस आणू इच्छितो.

वऱ्हाडची कथा आणखी निराळी. वऱ्हाडवर कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचे, म्हणून तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. मग तेथील लोकांनी निवडून दिलेले सभासद नागपूरच्या कायदेमंडळात बसवावयाचे कसे? युक्ती अशी निघाली की वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावयाची आणि निवडून आलेल्यांना सरकारने नियुक्त करावयाचे. म्हणजे मतदाराने निवडलेला माणूस सभागृहात शिरताना सरकारनियुक्त होऊन शिरे! एवढ्या गुंतागुंतीच्या सौजन्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

१९२०च्या पहिल्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला. तीन वर्षांनी देशबंधू दास व मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष कायदेमंडळांत शिरून ती आतून अडविण्यासाठी उभा राहिला. त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानात स्वराज्य पक्षाला स्वबळावर निर्विवाद बहुमत मिळाले ते एकाच प्रांतात, आपल्या मध्यप्रांतात. नागपुरात त्यांचे पुढारी डॉ. मुंजे होते. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी मंत्रिपदे देऊ केली, ती स्वराज्य पक्षाने नाकारली. इतरांचे मंत्रिमंडळ बनले, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये त्याच्यावर अविश्वासाचा ठराव झाला. पुढे अर्थसंकल्पात कायदेमंडळाने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरविला. दोन रुपये! पगार सर्वस्वी नाकारला असता तर ती नुसती अडवणूक झाली असती. दोन रुपयांत उपहास होता, आणि साम्राज्याला विरोध सोसतो तितका उपहास सोसत नाही. मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि सोपीव खाती गव्हर्नराने आपल्या हाती घेतली. शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य, ज्या खात्यांचा लोकांना अधिकार दिला म्हणून डंका पिटला होता, तीच परत गेली.

या विजयाला लगेचच कीड लागली, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९२५ मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचे श्री. श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलालजी संतापले. केळकर, जयकर, मुंजे, अणे ही मराठी मंडळी मात्र म्हणाली की जेथे अधिकार मिळतो तेथे तो घेऊन वापरावा. त्यातून प्रतियोगी सहकारितेचा पक्ष निघाला आणि १९२६च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांतात पुन्हा मंत्री आले. तांबे पुढे १९२९ साली काही काळ हंगामी गव्हर्नरही झाले. त्यांना दोष देणारे अनेक आहेत. मला स्वतःला हा प्रश्न तेवढा सोपा वाटत नाही. शाळा आणि विहिरी यांचा कारभार परक्याच्या हाती सोडून देणे हे तत्त्व म्हणून तेजस्वी खरे, पण ज्याच्या गावात शाळा नाही त्याने ते किती वर्षे पाहावे? मात्र हेही खरे की दोन रुपयांच्या ठरावाने जो धाक बसला होता तो एका जागेच्या मोहाने नाहीसा झाला, आणि पक्षात मराठी व अमराठी असा जो तडा गेला, तो पुढे बुजला नाही.

१९३५च्या कायद्याने मतदार वाढले. ब्रिटिश हिंदुस्थानात पूर्वी सुमारे सत्तर लाख होते ते तीन कोटींवर गेले. मिळकतीबरोबर शिक्षणाचीही अट मानली गेली आणि पतीच्या मिळकतीच्या आधारे काही स्त्रियांना मत मिळाले. आमच्या आजोबांची मिळकत बहुधा तेवढी नव्हती. सालदार तर कोणत्याच मापात बसत नव्हता. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली होती, त्याच वर्षी, १९२८ मध्ये, नेहरू अहवालानेही तीच मागणी केली होती. ती मान्य झाली असती तर त्या दमणीतून चौघेही आत गेले असते.

मध्यप्रांत व वऱ्हाडच्या नव्या विधानसभेच्या जागा ११२. त्यांची वाटणी पाहा. सर्वसाधारण ८४, त्यांतील २० पुणे करारानुसार अस्पृश्य वर्गांसाठी राखीव. मुसलमान १४. स्त्रिया ३, जमीनदार ३, व्यापार २, मजूर २. विद्यापीठ, मागास भाग, युरोपियन, अँग्लो-इंडियन यांना प्रत्येकी एक. ऑस्ट्रियाने १९०७ साली मोडून टाकलेले कप्पे तीस वर्षांनी आमच्याकडे नव्याने रंगवून आले होते. आणि तरीही मतदारांनी काँग्रेसला स्पष्ट बहुमत दिले. कप्प्यांतूनही कधी बेरीज निघते ती अशी.

जुलै १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले, तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान. पुढील वर्षाचा प्रकार आपण सर्व जाणता. मंत्रिमंडळात एकीकडे नागपूर-वऱ्हाडचे मराठी मंत्री, दुसरीकडे महाकोशलचे पं. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला, महाकोशलच्या तिघांनी दिला नाही. गव्हर्नराने त्या तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. काँग्रेसच्या श्रेष्ठींना विचारल्याशिवाय, गव्हर्नरच्या हाताने सहकारी काढले, हा त्यांच्यावरील मुख्य आरोप. काही दिवसांतच त्यांना पायउतार व्हावे लागले आणि महिनाअखेर शुक्लजी आले. खऱ्यांच्या बाजूने व विरुद्ध एवढे लिहिले गेले आहे की आपल्या ग्रंथालयाचे एक कपाट भरावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, ती निदान सायंकाळी थांबते. ही थांबली नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये याच विधानसभेने वेगळ्या विदर्भ प्रांताच्या मागणीचा ठराव केला.

या साऱ्यात सौंसरचा मराठी मतदार कोठे होता? तो छिंदवाडा जिल्ह्यात होता, म्हणून महाकोशलच्या हिशेबात होता. आणि भाषेने नागपूरच्या हिशेबात होता. दोन्ही पक्षांनी त्याची मते घेतली. तू कोणीकडचा, असे त्याला मतपेटीपाशी कोणी विचारले नाही.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले म्हणून काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि नागपूरच्या विधानसभेला कुलूप लागले. सहा वर्षे गव्हर्नरचा एकहाती कारभार चालला. येथे पुन्हा मला ऑस्ट्रिया आठवतो. मार्च १९१४ मध्ये तेथील पंतप्रधान श्ट्युर्क याने भाषिक भांडणांना कंटाळून सभागृह स्थगित केले, आणि काही महिन्यांनी ज्या युद्धात लाखो माणसे गेली त्याविषयी त्यांच्या प्रतिनिधींना एक शब्द बोलता आला नाही. सभागृहाच्या इमारतीत जखमी सैनिकांचे रुग्णालय उघडले. १९१६ साली श्ट्युर्कचा खून झाला. मे १९१७ मध्ये सभागृह पुन्हा भरले तेव्हा पहिल्याच दिवशी चेक व दक्षिण स्लाव प्रतिनिधींनी आपापल्या वेगळ्या राज्यघटकाची मागणी मांडली. दीड वर्षात साम्राज्य संपले. बंद खोलीत आवाज साठून राहतो, तो दार उघडताच एकदम बाहेर पडतो.

आपल्याकडे दार उघडले १९४५च्या अखेरीस व १९४६च्या आरंभी. मध्यप्रांतात ११२ पैकी ९२ जागा काँग्रेसला आणि मुसलमानांच्या १४ पैकी १३ मुस्लिम लीगला मिळाल्या. १९३७च्या निकालाची मी स्तुती केली, पण या निकालात दोन कप्पे दोन भिंतींप्रमाणे उभे दिसतात. ब्रिटिश हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच झाले. विभक्त याद्यांनी सदतीस वर्षांत केलेले काम त्या मोजणीत दिसले. फाळणीची कारणे अनेक आहेत, एका मतदारयादीच्या माथी ती मारता येत नाहीत. पण जी यादी माणसाला दुसऱ्या माणसासाठी मत देऊच देत नाही, ती निर्दोष होती असेही मी म्हणणार नाही.

याच विधानसभांनी जुलै १९४६ मध्ये संविधान सभा निवडली. आपल्या प्रांताच्या वाट्याला १७ जागा आल्या. म्हणजे आमच्या आजोबांसारख्या सारा भरणाऱ्यांनी विधानसभा निवडली, विधानसभेने संविधान सभा निवडली, आणि त्या संविधान सभेने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत दिले. ज्यांना स्वतःच्या मिळकतीमुळे अधिकार मिळाला होता त्यांच्या प्रतिनिधींनी मिळकतीची अटच काढून टाकली. जगाच्या इतिहासात हे फार वेळा घडलेले नाही. बहुतेक ठिकाणी मताचा अधिकार खालच्यांनी झगडून घेतला आहे. येथेही झगडा झाला होताच, पण अखेरचा दरवाजा आतून उघडला गेला.

१९५१-५२च्या निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदार होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. याद्या करताना एक अडचण आली ती ऐकण्यासारखी आहे. अनेक बायका स्वतःचे नाव सांगेनात, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच लिहून घ्या म्हणत. निवडणूक आयोगाने ते चालवून घेतले नाही, आणि देशात सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे त्यामुळे यादीबाहेर राहिली. त्यातली बहुतेक उत्तरेकडील प्रदेशांतली.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना मी तटस्थ राहत नाही. १९५६ पूर्वीच्या मध्यप्रदेशात हिंदी व मराठी या दोन राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेत मराठी आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आयोगाने हिशेब मांडताना सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. छिंदवाडा जिल्हा एकूण पाहता हिंदी, म्हणून सौंसर-पांढुर्ण्याची मराठी गावे नव्या मध्यप्रदेशात राहिली. १९२०च्या मतदारसंघाला जे नाव दिले होते तेच छत्तीस वर्षांनी राज्याच्या सीमेत उमटले. आम्ही येथे दुःखात राहिलो असे कोणी समजू नये. या राज्याने आम्हाला आपले मानले आणि आम्हीही त्याला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. पण तुम्ही कोठे राहू इच्छिता, हा प्रश्न ना साम्राज्याने मतपेटीत घातला, ना स्वराज्याने, एवढी नोंद या शताब्दीच्या अंकात असावी. हे ग्रंथालय शंभर वर्षे मराठी पुस्तके जपून आहे ते कोणाच्या ठरावाने नव्हे, सभासदांच्या वर्गणीने.

ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या परिसरातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, मालगुजारांच्या पेट्यांत, पटवाऱ्यांच्या घरी त्या काळच्या मतदारयाद्या, उमेदवारांची पत्रके, सभांच्या जाहिराती अजून सापडतील. वाळवीने बऱ्याच खाल्ल्या आहेत. राहिलेल्या आणून येथे ठेवा. १९३७च्या यादीत किती नावे आहेत हे मोजा आणि शेजारी १९५२ची यादी ठेवा.

आमच्या घरी यातले काही राहिलेले नाही. आजी मात्र सांगे की पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी यादी करणारा गुरुजी ओसरीवर बसून नाव विचारू लागला, तेव्हा आजोबांनी सवयीने आपले नाव सांगितले. गुरुजी म्हणाला, तुमचे झाले, आता बाईंचे. ती दाराआडून बोलली. मग गुरुजीने अंगणात बसलेल्या सालदाराला विचारले. सालदाराने आधी मालकांकडे पाहिले, आणि मग बापाच्या नावासकट आपले पूर्ण नाव सांगितले. एवढी वर्षे आमच्या घरी राबलेल्या त्या माणसाचे पूर्ण नाव आजीने त्या दिवशी प्रथम ऐकले.